रंगावर पिळलेला बोल्ट

आमच्या जीपला आवाज मिळावा म्हणून माझ्या सासूबाईंचा आवाज गेला, आणि त्याला कारण झाला एक बोल्ट. हे वाक्य मी आज इतक्या शांतपणे लिहू शकते, शब्द जागच्या जागी बसवू शकते, याचाही मला राग येतो. तेव्हा मला ते ओरडून सांगायचे होते. पण त्या घरात ओरडायला जागा उरली नव्हती. सगळी जागा भोंग्याने घेतली होती.

सासूबाईंना सारे गाव अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. जळगावात मराठीची एम. ए. होऊन मी नरडाण्याच्या पुढच्या त्या कापसाच्या गावात सून म्हणून आले, तेव्हा वाटले होते की कविता आता मागे राहिली. दुसऱ्याच दिवशी पहाटे ती मला ओसरीवर भेटली. अक्का ताक घुसळत होत्या आणि गात होत्या. आवाज उंच नव्हता. नव्या माठातल्या पाण्याला जशी मातीची चव असते तशी त्या आवाजाला एक खर होती; ओळीच्या शेवटी तो खाली टेकायचा, गाय बसते तसा, आधी पुढचे गुडघे आणि मग सगळा भार. ओळ संपली की अक्का थांबत. रवीचा एक फेर, एक श्वास, मग पुढची ओळ. त्या थांबण्याला आमच्या छंदशास्त्रात यती म्हणतात. परीक्षेपुरता ठाऊक असलेला यती त्या ओसरीवर मी पहिल्यांदा कानांनी ऐकला.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे आणि नथ लावून, साडीचोळी नेसवून तिला चौरंगावर बसवतात, रोटांचा नैवेद्य करतात, बाया रात्र गाण्यांत जागवतात आणि दुसऱ्या सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवतात. मिरवणूक दारोदार थांबते. प्रत्येक उंबऱ्यावर ओवाळणी होते, फुगड्या होतात. गाणे एकीने उचलायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे, अशी रीत. आमच्या गावात गाणे उचलायच्या त्या अक्का. आजूबाजूच्या गावांतल्या लेकीबाळी त्या सकाळी माहेराला मुद्दाम थांबायच्या, ते त्यांच्यासाठी.

ही कॅसेटींच्या दिवसांतली गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडवर लग्नाच्या बँडच्या गाड्या तयार करून देणारी गॅरेजे होती. माझा धाकटा दीर तिथे तासन्‌तास उभा राहायचा. एके दिवशी तो एक मशीन घेऊनच आला. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. माइकवाले त्याला मशीनच म्हणतात. लोखंडी पेटी, समोर काळी बटणे, मागे पंखा, आणि तापल्यावर येणारा जळक्या लाखेसारखा वास. त्याने ते आमच्या जीपला जोडले, टपावर दोन भोंगे बांधले आणि कॅसेट लावली. जीप जुनी, डिझेलची, डायनॅमोवर बॅटरी भरणारी. ढोलकीची थाप पडली की पुढचे दिवे मिचकावत. थाप, अंधूक, थाप, अंधूक. एखाद्या थकलेल्या माणसाला कुणी पुन्हा पुन्हा हाक मारून उठवावे तसे ते दिसत होते. थोड्या वेळाने भोंगे घोगरे झाले आणि गाडी चालू होईना.

“गाडीत दम नाही, वहिनी,” दीर म्हणाला. “मशीनला करंट पुरत नाही.”

गाडीत दम आणण्याचे काम मग उन्हाळाभर चालले, आणि ते आमच्या अंगणात चालले. डायनॅमो गेला, त्याच्या जागी जुन्या बाजारातून आणलेला, जास्त करंट देणारा मोठा अल्टरनेटर आला. तो बसेना म्हणून धुळ्याच्या लेथवरून नवी पट्टी करून आणली. पट्टा घासून रबराचा धूर झाला, तेव्हा पुली बदलली. मागच्या बाकाखाली दुसरी बॅटरी बसवली. ज्या बाकावर बसून घरातल्या बाया बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला जायच्या, तिथे आता पाय खाली सोडता येईनात. ॲसिडच्या वासाने घशात आंबट चव यायची. अक्कांच्या चांगल्या इरकली लुगड्याच्या काठाला बारीक भोके पडली. लुगडे धुवायला घेतले तसे ती उघडी झाली. अंगणात कुरडया वाळत घालायच्या दिवसांत तिथे बॉनेट उघडे असायचे, आणि कुरडया ग्रीसचे डाग वाचवत शेजारच्या गच्चीवर जायच्या.

तरी दिराचे ते वेड मला तेव्हा आवडत होते, हेही लिहिलेच पाहिजे. वेल्डिंगची केबल असते ना, अंगठ्याएवढी जाड, तांब्याच्या बारीक तारांची, तसली लाल केबल तो घेऊन आला होता. तिची टोके सोलताना तो इतका हळुवार होई की केळफुलाची पाने सोडवणाऱ्या माझ्या माहेरच्या बायांचे हात आठवत. मला त्याने समजावून सांगितले, “या लाल केबलने करंट जातो. परत यायला दुसरी केबल लागत नाही, वहिनी. गाडीचं सगळं अंगच परतीचा रस्ता. त्याला म्हणायचं अर्थ. अर्थ नीट मिळाला नाही, तर बाकी सगळं फुकट.”

मी हसले. म्हणाले, “भाऊ, हे तर आम्हांलाही शिकवलं होतं.”

त्याला विनोद कळला नाही, पण तोही हसला. मग पाना खाली ठेवून तो जे बोलला त्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. तो म्हणाला, हे सगळे कशासाठी, तर कानबाईच्या दिवशी मायचा आवाज नदीपल्याड गेला पाहिजे.

अक्कांनी आधी नकार दिला. भोंग्यात गायची लाज वाटते म्हणाल्या. पण नकारात जोर नव्हता, आणि श्रावण जवळ येऊ लागला तशी त्यांच्यात एक चोरटी तयारी सुरू झाली. रात्री झोपताना त्या ज्येष्ठमधाची काडी चघळू लागल्या. एकदा स्वयंपाकघरात गेले तर पोळ्या लाटायचे सोडून लाटणे तोंडासमोर धरून उभ्या. मला पाहताच त्यांनी लाटणे असे खाली टाकले जणू ते तापलेले होते, आणि आम्ही दोघी पोळी करपेपर्यंत हसलो. दिराने अंगणात इंजिन चालू ठेवून माइक तपासला तेव्हा त्यांना बोलावले होते. त्या आल्या नाहीत. त्या दिवशीच म्हणेन, म्हणाल्या. मग दीरच “हॅलो, हॅलो” म्हणत राहिला, आणि ते हॅलो गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत अगदी स्वच्छ ऐकू गेले.

त्यानंतर आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मनात आले की कानबाईपुढे जुनाट रंगाची गाडी शोभत नाही. ती रंगवायला दिली. वरून पोपटी आणि खालून, चासीपर्यंत, काळा कुळकुळीत रंग देऊन ती सणाच्या आदल्या दिवशी परत आली. रंगाचा वास इतका ताजा होता की रोटांच्या गहू-तुपाच्या वासावर तो सबंध दिवस बसून राहिला.

रात्रभर अक्का गायल्या. सकाळी कानबाई उठली. पुढे डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाया, मागे पोपटी जीप, आणि जीपच्या बाजूने वायरीला बांधल्यासारख्या चालणाऱ्या अक्का. हातात माइक, डोक्यावर पदर. नदीपर्यंतचे सगळे गाव गल्लीत उतरले होते. अक्कांनी पहिली ओळ उचलली.

भोंग्यातून अक्का आल्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी काहीतरी आले. सुईसारखा बारीक, दातांच्या मुळाशी शिरणारा एक सूर. तो त्यांच्या आवाजाला चिकटून होता. उंबऱ्यापाशी मिरवणूक थांबली की इंजिन मंदावे. मशीनला करंट कमी पडू नये म्हणून दीर ॲक्सिलरेटर दाबे. आणि तो सूर चढत चढत कानाच्या पडद्याला टोचायला लागे. पोरी कानांवर हात ठेवून हसल्या. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी म्हणाले की रात्रभर गायल्याने अक्कांचा गळा बसला. दुसरा म्हणाला, वयही झालेच की. दिराने मान बाहेर काढून सांगितले, माय, माइक लांब धर. मग म्हणाला, जवळ धर. अक्का माइक लांब नेत, जवळ आणत. कपाळावरचे कुंकू घामाने नाकावर उतरत होते.

मी त्यांच्यामागे चालत होते, आणि मला स्पष्ट ऐकू येत होते. ओळ संपली, अक्का थांबल्या, श्वास घेतला. तो सूर थांबला नाही. यतीच्या त्या मोकळ्या जागेतही तो वाजत होता, दिराच्या पायाबरोबर चढत आणि उतरत होता. मी पुढे धावले आणि खिडकीशी वाकून दिराला म्हणाले, भाऊ, हा आवाज गळ्यातला नाही, इंजिनातला आहे. इंजिन बंद करून पाहा.

“बंद केलं तर बॅटऱ्या बसतील, वहिनी,” तो म्हणाला. “मशीन तपासलेलं आहे. तुमच्यासमोर तपासलं.”

शेजारी बसलेला माझा नवरा म्हणाला, मिरवणुकीत मध्ये मध्ये करू नकोस. आणि गावातल्या कुणा शहाण्याने मागून जोडले की वहिनीसाहेब आता मिस्तरी झाल्या. गाडीतले चौघे हसले. त्या हसण्यात आणि त्या सुरात मला फरक वाटेना. दोन्ही एकाच जागी टोचत होते.

पुढच्या उंबऱ्यावर दिराने हात पुढे करून अक्कांच्या हातातला माइक घेतला. दरडावून नाही, प्रेमानेच, माय-लेकांच्या अहिराणीत.

“माय, तू ऱ्हाऊ दे आते. मी कॅसेट लावस.”

कॅसेट लागली. सिनेमाच्या चालीवर बसवलेले देवीचे गाणे, पूर्ण आवाजात. त्या ढणढणाटात तो बारीक सूर बुडून गेला, आणि त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली. मशीन चांगले होते. गाडी चांगली होती. कॅसेट कशी वाजतेय बघा. म्हणजे दोष अक्कांच्या गळ्यात.

मिरवणूक पुढे गेली. अक्का कुणाच्या तरी ओट्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी पदराने नाक पुसले, भोंग्याकडे पाहिले आणि मला विचारले,

“बेटा, मना आवाज आसा शे?”

आयुष्यात त्यांनी स्वतःचा आवाज कधी बाहेरून ऐकला नव्हता. मी नाही म्हणाले, पुन्हा पुन्हा नाही म्हणाले. पण माझ्याजवळ एका श्वासाच्या रिकाम्या जागेशिवाय पुरावा नव्हता, आणि तो सुनेच्या कानाने ऐकलेला. साऱ्या गावाच्या कानांपुढे त्याला काय किंमत? सूनबाईची समजूत काढल्यासारख्या त्या हसल्या, उठल्या आणि घरी गेल्या. कानबाईला पोचवायला त्या वर्षी अक्का नदीवर गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. रवी फिरत राहिली, फक्त तिच्यावरची ओळ गेली. लग्नघरातून हळदीच्या गाण्यांना बोलावणे आले की गळा गेला म्हणून सांगत. रोज सकाळी मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करत, मोरीत वाकून, लहान पोरासारख्या मन लावून. ताक घुसळतानाचा तो नुसता घर्र घर्र आवाज मला ऐकवत नसे. मी अंथरुणात पडून यती मोजत राहायची, आणि दोन यतींच्या मधे काही नसायचे.

शेवटी माझा नवरा म्हणाला की गळा धुळ्याला दाखवू. त्याच जीपमधून आम्ही गेलो. अक्का मागे, बॅटरीच्या खोक्यावर पाय आखडून. तो आणि अक्का डॉक्टरांकडे आत गेले. मी आणि दीर बाहेर गाडीत थांबलो. दिराने इंजिन चालूच ठेवले होते, आणि वेळ जावा म्हणून त्याने कॅसेट लावली, हळू आवाजात, एकट्या बासरीची. बासरीवाला श्वासाला थांबला. मी कान टवकारले. काही नाही. नितळ. दिराचा पाय ॲक्सिलरेटरवर उगीच चाळा करत होता, इंजिन गुरगुरत होते, आणि भोंग्यात बासरीच्या दोन फुंकरींच्या मधे काहीही नव्हते.

मी विचारले, तो आवाज गेला कसा?

“तो होय? अर्थ मिळत नव्हता, वहिनी. रंगवाल्यांनी रंग देताना अर्थची पट्टी सोडली, आणि नंतर ओल्या रंगावरच बोल्ट पिळला. रंगातून करंट कसा जाणार? पॉलिशपेपरने घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट परत आवळला. एवढंच.”

एवढंच. मराठीत या शब्दाइतका उर्मट शब्द मला तोपर्यंत भेटला नव्हता.

मी विचारले की हे कधी कळले. कानबाईनंतर लगेच, तो म्हणाला, त्याच आठवड्यात. मी विचारले की अक्कांना सांगितले का. त्याने माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिले. मला अजून ते आश्चर्यच सलते. त्याने लपवले असते तर मी त्याला क्षमा केली असती. लपवणाऱ्याला निदान ठाऊक असते की सांगण्यासारखे काही आहे.

“मायला काय सांगायचं त्यात? तिला अर्थ काय कळणार?”

एवढ्यात अक्का बाहेर आल्या. गळ्यात काही नाही, वयाने होते असे कधी, डॉक्टर म्हणाले होते. अक्का पुन्हा बॅटरीवर पाय घेऊन बसल्या. ज्या गाडीचा दोष कधीच बरा झाला होता, त्याच गाडीतून आम्ही एका निर्दोष गळ्याला औषधाच्या बाटलीसह घरी नेत होतो, आणि हे चौघांपैकी दोघांना ठाऊक होते. वाटेत वाऱ्याने कॅनव्हास फडफडत होते. मी अक्कांच्या कानाशी तोंड नेऊन सगळे सांगितले. बोल्ट, रंग, सगळे. त्यांनी माझा हात दाबला. मग म्हणाल्या की तू माझं मन राखायला सांगतेस. तसं असतं तर पोरगा बोलला असता.

हेच खरे होते. दोष मुलाने दिला होता. तो सुनेच्या तोंडून परत जाणार नव्हता. करंट जातो तो लाल केबलने, सगळ्यांना दिसेल असा. परत येताना सगळ्या अंगातून यावा लागतो, आणि तिथे कुठे रंग लागला आहे ते कुणी पाहत नाही.

मी दिराच्या मागे लागले. तो टाळू लागला. आता त्याला लाज वाटू लागली होती, आणि लाजेने तो सांगणे पुढे ढकलत होता. जितके पुढे जाई तितके ते जड होई. मी नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, झाले ते झाले, घरातल्या घरात कशाला उकरायचे. कापूस वेचला गेला, विकला गेला, जीप आसपासच्या लग्नांत वाजत राहिली आणि तिचे नाव झाले. मी त्या वर्षात एकही कविता वाचली नाही. उघडलेल्या पानावर ओळ संपून मोकळी जागा आली की तिथे तो सूर वाजायचा, आणि मी पुस्तक मिटायची. घरात सगळ्यांशी नीट वागायची, आणि ताटे जरा जोरात ठेवायची.

पुन्हा श्रावण आला. एका दुपारी घरातले पुरुष जेवायला बसले होते, अक्का वाढत होत्या, मी भाकरी करत होते. दीर गोड आवाजात म्हणाला,

“माय, औंदा माइकवर म्हनशी ना?”

“मना गळा भोंगाले चालत नही,” अक्का म्हणाल्या आणि त्याला वरण वाढले.

मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिले. “भाऊ, सांगा,” मी म्हणाले.

नवरा म्हणाला, जेवू दे त्याला. मी म्हणाले, सांगितल्याशिवाय या घरात पुढची भाकरी तव्यावर पडणार नाही. आबांचा घास हातातच राहिला. मागे भाकरी जळत होती, तिचा वास सगळ्यांना येत होता, आणि तिच्याकडे कुणी जात नव्हते. दिराने वरणात बोट फिरवले. मान खाली ठेवूनच तो म्हणाला,

“गळानं काही नव्हतं, माय. रंगवर बोल्ट पिळायना व्हता. अर्थ नही मिळे.”

अक्कांच्या हातातली पळी थांबली. “तुले कधी समजनं?”

“त्याच हप्तामा.”

अक्कांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसेल असे वाटले होते. दिसला तो राग. इतका जुना, इतका नीट घडी घालून ठेवलेला की माझा राग त्याच्यापुढे पोरका वाटावा.

“आन मी वरीसभर गळाले गरम पानी पाजी ऱ्हायनू,” त्या म्हणाल्या. एवढेच बोलून त्यांनी वरणाचे पातेले त्याच्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवले आणि त्या परसात निघून गेल्या. त्या दिवशी पुरुषांनी हाताने वाढून घेतले.

पुढे कितीतरी दिवस त्या त्याच्याशी कामापुरतेच बोलल्या. दिराने मशीन पुसले, अर्थची पट्टी नवी टाकली, आणि सणाच्या आदल्या दिवशी मला मुद्दाम बोलावून बोल्टाखालचे उघडे, चकचकीत लोखंड दाखवले. मी पाहिले आणि रोटांच्या कणकेकडे परत गेले.

सकाळी कानबाई उठली. अक्का जीपपाशी आल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या की गाडी बंद ठेवा, लोटत आणा.

“आते अर्थ पक्का शे, माय,” दीर म्हणाला. “इंजिन चालू ठेवाले काही हरकत नही.”

“माले शे,” अक्का म्हणाल्या.

दिराने इंजिन बंद केले. मोठ्या अल्टरनेटरचे पाते थांबले, पट्टा थांबला, आणि गल्लीत एकदम चिमण्या ऐकू आल्या. दीर, माझा नवरा आणि गेल्या वर्षी हसलेल्यांपैकी जे जे हाताला लागले ते सगळे मागून लोटायला उभे राहिले. स्टिअरिंगवर कुणीतरी हवे होते. अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मला गाडी येत नव्हती. दिराने घाईघाईने सांगितले, हे वळवायचं, आणि हा पाय दाबला की थांबते, बस.

अक्कांनी ओळ उचलली. भोंग्यातून फक्त अक्का आल्या. ती मातीची खर, ओळीअखेरचे ते टेकणे. ओळ संपली, त्यांनी श्वास घेतला, आणि तो श्वाससुद्धा नदीकडच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला असेल. त्या पहिल्या मोकळ्या जागेत माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या आनंदाच्या होत्या असे मी म्हणणार नाही. एक पूर्ण वर्ष ही ओळ एका बाईच्या गळ्यात बंद होती, आणि ती उघडायला लागले होते फक्त एक वाक्य.

बॅटऱ्यांना करंट देणारे इंजिन बंद असल्याने अर्ध्या वाटेवर भोंगा बारीक होऊ लागला. दीर धापा टाकत पुढे आला आणि म्हणाला, माय, बॅटरी बसतेय, जरा चालू करू का. अक्कांनी ऐकले न ऐकलेसे केले. बाया त्यांच्याभोवती दाटून आल्या होत्या आणि ओळी झेलत होत्या. भोंगा नेमका कोणत्या उंबऱ्यावर मुका झाला ते मला सांगता येणार नाही. नदीजवळ अक्कांनी माइक माझ्या खिडकीतून आत टाकला, रवी खाली ठेवावी तसा, आणि चौरंगाला हात लावायला त्या पुढे गेल्या. दोन्ही हात मोकळे करून त्या पाण्यात उतरल्या तेव्हाही गात होत्या.

परतीला गाडी चालू होईना, हे सांगायला नकोच. नदीकडून गावाकडे चढ आहे, वाळू आहे, आणि ऊन तोवर पाठीवर आले होते. बाया गात पुढे निघून गेल्या. मागे राहिली ती पोपटी जीप, तिच्यात मी, आणि तिला खांदे लावलेले पुरुष. आरशात त्यांचे लाल झालेले चेहरे दिसत होते. घामाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास पुढच्या सीटपर्यंत येत होता. चढाच्या मध्यावर गाडी हलेचना. दिराने मागून ओरडून विचारले,

“वहिनी, तुमचा पाय ब्रेकवर आहे का?”

“नाही, भाऊ,” मी म्हणाले.

होता. थोडासा.